सेवाग्रामने एका कॅथलिकाला काय दिले

1942 च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसले, येशू ख्रिस्ताचे. मी वसईची कॅथलिक. परिचारिकेच्या नोकरीने वर्धा जिल्ह्यात आले आणि इथलीच झाले. माहेरची माणसे बापूकुटी पाहायला आली की मी त्यांना या चित्राविषयी सांगते, आणि लगेच परचुरे कुटीकडे नेते.

संस्कृत पंडित परचुरे शास्त्री हे येरवडा तुरुंगातले गांधीजींचे सोबती. 1939 साली ते कुष्ठरोग घेऊन आश्रमात आले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि घरचेही रुग्णाला दूर ठेवत. गांधीजींनी त्यांना आश्रमातच, या कुटीत, ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. कुष्ठरोगात कातडी बधिर होते. भेग पडली, भाजले, तरी रुग्णाला कळत नाही. त्याची सेवा करणाऱ्याला तळपाय, बोटांच्या बेचक्या रोज निरखाव्या लागतात. हे काम घाईत होत नाही, आणि किळस आली तर मुळीच होत नाही. आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, ही येशूची शिकवण मी लहानपणापासून मिस्सामध्ये ऐकत आले. तिचा अर्थ मला वॉर्डात काम करताना आणि या कुटीपाशी उभी राहून उमगला.

परचुरे शास्त्रींच्या आधी, 1937 च्या सुमारास, लांझा देल वास्तो हे इटालियन कॅथलिक गांधीजींना शोधत वर्ध्याला आले. गांधीजींनी त्यांना शांतिदास म्हटले. ते परतले ते कॅथलिक म्हणूनच, पण श्रद्धेला हातांचे काम जोडून. 1948 साली त्यांनी फ्रान्समध्ये ‘आर्क’ हा समुदाय उभारला. तिथे प्रार्थनेबरोबर सूतकताई आणि शेती होती. 1954 साली ते पुन्हा भारतात आले आणि विनोबांच्या भूदान पदयात्रेत चालले. 1963 च्या उपवासकाळात, पोप तेविसावे जॉन यांनी शांततेसाठी आवाज उठवावा म्हणून, त्यांनी रोममध्ये 40 दिवस अन्न घेतले नाही. त्याच वर्षी 11 एप्रिलला पोपचे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे शांतीविषयीचे पत्र निघाले.

उपवास हा आमच्या चर्चचा जुनाच संस्कार. सेवाग्रामहून गेलेल्या या माणसाने त्याला जगाच्या दुःखाशी जोडले. म्हणून माझ्या कॅथलिक भावाबहिणींना माझी विनंती आहे: उपवासकाळात मांस-मासळी जरूर सोडा, आणि सोबत घरातल्या किंवा शेजारच्या एका आजाऱ्याची कूस बदलून द्या, त्याची जखम धुवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.