घरगाड्यांचा वाळवंटांतील मुक्काम

रस्ता कोणीं बांधला, केव्हां बांधला आणि त्यावर किती खर्च झाला, हें इतिहासांत बहुधा नमूद असतें. त्याच रस्त्यावर रात्र पडल्यानंतर कोणाला उतरण्यास जागा मिळाली आणि कोणाला पुढें हांकलून देण्यांत आलें, हें मात्र शोधून काढावें लागतें. वास्तविक प्रवाशाच्या दृष्टीनें ही दुसरी गोष्टच अधिक महत्त्वाची होय. अमेरिकेच्या नैऋत्य भागांतील वाळवंटांत गेल्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत जे मुक्काम पडले, त्यांची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

ॲरिझोना राज्याच्या पश्चिम सीमेवरून कॉलराडो नदी वाहते. तिच्या पूर्वेस सुमारें वीस मैलांवर क्वार्टझसाइट नांवाचें एक लहानसें गांव आहे. २०२० च्या खानेसुमारींत तेथील वस्ती २,४१३ भरली. उन्हाळ्यांत पारा ११० अंश फॅरनहाइटच्या वर जातो आणि भर दुपारीं रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. परंतु हिंवाळा लागला कीं उत्तरेकडील बर्फाळ राज्यांतून व कॅनडांतून घरगाड्यांची रीघ लागते, आणि जानेवारींत या मुठीएवढ्या गांवाभोंवतीं एक प्रचंड छावणीच वसते. घरगाडी, म्हणजे तिकडे जिला ‘आर. व्ही.’ म्हणतात ती, हें चाकांवरचें बिऱ्हाडच असतें. चूल, अंथरूण, न्हाणीघर, सारें कांहीं तींत असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण तेथें अक्षरशः खरी ठरते. अशा गाड्यांसाठीं आंखून दिलेल्या तळाला ‘आर. व्ही. पार्क’ असें नांव आहे. भाडें भरल्यावर तेथें गाडीपुरती जागा मिळते, आणि त्या जागेबरोबर पाण्याचा नळ, विजेची जोडणी व सांडपाणी वाहून नेणारी नळी या तीन गोष्टी मिळतात. ज्यांना हें भाडें परवडत नाहीं अथवा नको असतें, ते उघड्या माळावर राहतात. पाणी टाकींत भरून आणतात आणि मैल्याची टाकी नेमून दिलेल्या ठिकाणीं नेऊन रिकामी करतात.

नळाचें पाणी ही आज किरकोळ सोय वाटते. परंतु या गांवाचा जन्मच पाण्यापोटीं झालेला आहे. मोहावी, यावापाई आदि मूळच्या लोकांना या वाळवंटांतील पाणवठे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. सन १८५६ मध्यें चार्ल्स टायसन नांवाच्या वसाहतवाल्यानें येथें पाण्याशेजारीं एक लहानशी गढी बांधली. मूळच्या लोकांपासून तें पाणी राखणें हा तिचा हेतु होता. ज्यांना तें पाणी प्रथम माहीत होतें, त्यांनाच तें पारखें झालें, आणि मुक्कामाच्या या इतिहासांतील पहिला नकार त्यांच्या वांट्यास आला. पुढें टपालगाड्यांचे घोडे येथें बदलले जाऊं लागले व त्या ठाण्याला ‘टायसनच्या विहिरी’ असें नांव पडलें. १८७० नंतरच्या दशकांत मार्था समरहेज ही एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी या वाटेनें गेली. १९०८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत तिनें या ठिकाणाचें वर्णन फार उदास व गलिच्छ मुक्काम म्हणून केलें आहे. तरीहि प्रवासी तेथें उतरतच होते; कारण पुढच्या पाण्यापर्यंत जनावरें टिकतील कीं नाहींत, हीच तेव्हांची खरी विवंचना होती.

या विवंचनेवर उपाय म्हणून अमेरिकन सरकारनें एक विलक्षण प्रयोग करून पाहिला. तेव्हांचे युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांच्या आग्रहावरून १८५५ मध्यें काँग्रेसनें तीस हजार डॉलर मंजूर केले, आणि १८५६ च्या मे महिन्यांत भूमध्यसमुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून आणलेले ३४ उंट टेक्ससच्या किनाऱ्यावर उतरविण्यांत आले. पुढील वर्षीं आणखी ४१ आले. त्यांच्याबरोबर उस्मानी साम्राज्यांतील हाजी अली नांवाचा उंटवाला आला. हें नांव सैनिकांच्या जिभेवर वळेना. तेव्हां त्यांनीं त्याचें ‘हाय जॉली’ करून टाकलें. १८५७ मध्यें एडवर्ड बील यानें फोर्ट डिफायन्सपासून कॉलराडो नदीपर्यंत गाडीरस्त्याची आंखणी केली, तेव्हां ओझीं वाहण्याचें काम या उंटांनीं केलें. खेचरांना जें कांटेरी झुडूप तोंडांत धरवत नसे, तें खाऊन व दिवसचे दिवस पाण्यावांचून राहून त्यांनीं बीलची वाहवा मिळविली.

तथापि उंटाच्या नुसत्या वासानें घोडीं व खेचरें बिथरत असत, आणि खेचरें हांकणाऱ्यांना हें जनावर कधींच आवडलें नाहीं. १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटलें आणि सरकारचें लक्ष उडालें. बहुतेक उंट लिलावांत विकले गेले, कांहीं वाळवंटांत मोकळे सुटले. हाजी अली मात्र तेथेंच राहिला. कधीं लष्कराचा वाटाड्या, कधीं खाणींचा शोध घेणारा, असें आयुष्य काढून १८८० मध्यें तो त्या देशाचा नागरिक झाला आणि १९०२ मध्यें क्वार्टझसाइट येथें मरण पावला. १९३५ मध्यें त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिडाच्या आकाराचें स्मारक उभारण्यांत आलें. त्याच्या माथ्यावर तांब्याचा उंट आहे. परमुलुखांतून आलेल्या एका मजुराला या वाळवंटानें असा कायमचा मुक्काम दिला.

क्वार्टझसाइटच्या बऱ्याच उत्तरेस असलेल्या बीलच्या त्या वाटेच्या अनुरोधानेंच पुढें आगगाडी गेली, आणि १९२६ मध्यें मुक्रर झालेला ‘रूट ६६’ हा सुप्रसिद्ध मोटाररस्ताहि ॲरिझोनांत पुष्कळसा तिच्याच मागानें गेला. आतां मुक्काम उंटांचे न राहतां मोटारींचे झाले. १९१९ मध्यें फ्लॉरिडांतील टॅम्पा येथें मोटारीनें भटकणाऱ्या हौशी लोकांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाचा संघ स्थापन केला. प्रथम पुष्कळ गांवांनीं अशा पाहुण्यांसाठीं विनामूल्य तळ उघडले. परंतु हौशी प्रवाशांच्या मागोमाग काम शोधणारीं गरीब कुटुंबेंहि तेथें उतरूं लागलीं, तेव्हां ठिकठिकाणीं शुल्क बसविण्यांत आलें. तंबू तोच, मोटार तीच. परंतु एकाला पाहुणा म्हणावयाचें आणि दुसऱ्याला उपद्रव, हा भेद तेथून रूढ झाला.

या भेदाचें पूर्ण स्वरूप १९३६ या एकाच वर्षांत दृष्टीस पडतें. त्या वर्षीं वॉली बायम यानें ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ ही ॲल्युमिनियमची चकचकीत घरगाडी विक्रीस आणली. त्याच वर्षीं, अवर्षण आणि धुळीचीं वादळें यांनीं उद्ध्वस्त झालेलीं ओक्लाहोमा व शेजारील राज्यांतील शेतकरी कुटुंबें मोडक्या मोटारींवर संसार लादून वाळवंट ओलांडीत होतीं. आणि फेब्रुवारींत लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखानें १३६ शिपाई कॅलिफोर्नियाच्या सीमांवर पाठवून, ज्यांच्याजवळ पैसा व काम नाहीं अशांना परत फिरविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ग्रीन या कृष्णवर्णी टपालवाल्यानें ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका सुरू केली. कारण कृष्णवर्णी प्रवाशाला रात्रीं कोणत्या दारावर थारा मिळेल, हें आधीं जाणून घेतल्यावांचून घर सोडणें धोक्याचें होतें. रस्ता सर्वांना खुला होता; मुक्काम मात्र माणूस पाहून मिळे.

१९४१ मध्यें एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें असा निकाल दिला कीं, निष्कांचन मनुष्याला राज्यांत आणणें हा गुन्हा ठरविणारा कायदा टिकूं शकत नाहीं. दारिद्र्य आणि दुर्वर्तन हीं एकच नव्हेत, असें न्यायालयानें स्पष्ट केलें. परंतु पुढच्याच वर्षीं युद्धाच्या धामधुमींत जपानी वंशाच्या हजारों लोकांना घरांतून उठवून याच वाळवंटांत आणण्यांत आलें. त्यांतले बहुसंख्य जन्मानें अमेरिकन नागरिक होते. क्वार्टझसाइटच्या उत्तरेस पोस्टन येथें, मूळच्या लोकांसाठीं राखून ठेवलेल्या जमिनीवर, त्यांच्या पंचायतीचा विरोध असतांना ही छावणी उभारली गेली आणि तेथें सतरा हजारांहून अधिक माणसें कोंडण्यांत आलीं. १९४५ च्या अखेरीस ती बंद झाली. तेंच ऊन आणि तीच धूळ; परंतु हा मुक्काम तारेच्या कुंपणाआडचा होता.

युद्धानंतर निवृत्तिवेतन घेणारे वृद्ध घरगाड्या घेऊन या उबदार प्रदेशाकडे वळले. १९६७ मध्यें क्वार्टझसाइट येथें रत्नें व खनिजें यांचा बाजार भरूं लागला आणि गर्दी वर्षोगणती वाढत गेली. तेव्हां १९८३ मध्यें सरकारी भूमिखात्यानें गांवालगतच्या जमिनींतील कांहीं भाग दीर्घ मुक्कामासाठीं नेमून दिला. परवाना घेतलेल्या प्रवाशाला तेथें १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत राहतां येतें. इतर सरकारी माळरानावर साधारणतः चौदा दिवसांनीं जागा सोडावी लागते.

२००८ च्या आर्थिक आपत्तीनंतर या छावणीचें रूप पुन्हां पालटलें. ज्यांचीं घरें गेलीं, ज्यांची पुंजी बुडाली, असे उतारवयाचे स्त्रीपुरुष जुन्या मालमोटारींत बिछाना घालून येथें येऊं लागले. त्यांचे मेळावे भरूं लागले. कोणी गाडीच्या टपावर सूर्यशक्तीची वीज कशी जोडावी हें शिकवी, कोणी थोडक्या पाण्यांत स्नान कसें उरकावें हें सांगे. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ मधील पुस्तकानें व त्यावरील चित्रपटानें हें जीवन जगापुढें आणलें.

सहलीस निघालेला सधन गृहस्थ आणि घरभाडें न परवडल्यामुळें निघालेली वृद्धा, हीं दोघें क्वार्टझसाइटच्या माळावर हिंवाळ्यांतील एकाच रात्रीं शेजारीशेजारीं उतरतात. एकाला मार्चमध्यें परत जावयास घर असतें. दुसरीला चौदा दिवसांची मुदत संपली कीं पुढची जागा पाहावी लागते. १९३६ सालीं सीमेवर उभ्या असलेल्या शिपायांनीं जो प्रश्न विचारला, तो न्यायालयानें मोडीत काढला खरा. परंतु तळावरील भाडें आणि मुदत यांच्या रूपानें तो अद्याप विचारला जातोच. टायसनच्या विहिरीवर तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणें म्हणजे त्याला मृत्यूच्या तोंडीं देणें होय, हें त्या काळीं सर्वांनाच कळत असे. नळाच्या पाण्याच्या दिवसांत ही गोष्ट विसरणें सोपें झालें आहे, इतकेंच.