डाल्टन बंधू (लकी लूक चित्रकथामाला)

डाल्टन बंधू : बेल्जियन चित्रकार मॉरिस आणि फ्रेंच लेखक रने गोसिनी यांच्या ‘लकी लूक’ या चित्रकथामालेतील चार दरोडेखोर भाऊ. ज्यो, विल्यम, जॅक आणि अ‍ॅव्हरेल ही त्यांची नावे. चौघांचे चेहरे एकाच साच्यातले, मिशा सारख्या, हनुवट्याही सारख्या. फरक फक्त उंचीचा. थोरला ज्यो सर्वांत बुटका आणि धाकटा अ‍ॅव्हरेल सर्वांत उंच, त्यामुळे चौघे ओळीने उभे राहिले की जिन्याच्या पायऱ्या दिसाव्यात तसे दिसतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशात बँका, गाड्या आणि टपालगाड्या लुटणे हा त्यांचा धंदा. तो त्यांना कधीच नीट जमत नाही आणि दर कथेच्या शेवटी ते पुन्हा तुरुंगात जातात. मुलांसाठी रचलेल्या ‘वेस्टर्न’ कथांमध्ये वेंधळ्या लुटारूंची जी मोठी परंपरा आहे, तिच्यातले हे सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत नेटके उदाहरण मानावे लागेल.

इतिहासातील डाल्टन : या नावाची टोळी खरोखर होऊन गेली. ग्रॅट, बॉब आणि एमेट हे तिच्यातले प्रमुख भाऊ. त्यांचा आणखी एक भाऊ फ्रँक हा संघराज्याच्या मार्शलचा सहायक होता आणि १८८७ मध्ये कर्तव्य बजावताना मारला गेला. ग्रॅट, बॉब व एमेट यांनीही काही काळ कायद्याच्या बाजूने काम केले होते. पुढे ते रेल्वेगाड्या लुटू लागले. आईकडून त्यांचे नाते यंगर बंधूंशी होते. जेसी जेम्सच्या टोळीतले प्रसिद्ध दरोडेखोर ते हेच.

५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्झस राज्यातील कॉफीव्हिल गावात तिघा भावांनी डिक ब्रॉडवेल आणि बिल पॉवर या दोन साथीदारांसह एकाच वेळी दोन बँका लुटण्याचा घाट घातला. गाव त्यांच्या ओळखीचे होते, म्हणजे गावालाही ते ओळखीचे होते. म्हणून त्यांनी खोट्या दाढ्यामिशा लावल्या. तरीही रस्त्यातच एकाने त्यांना ओळखले. बँकेसमोर घोडे बांधायचा कठडा रस्त्याच्या कामासाठी काढून टाकलेला होता. त्यामुळे घोडे दूर एका गल्लीत बांधावे लागले, आणि पळून जाण्याचा सगळा बेत त्या गल्लीवर येऊन ठेपला. ग्रॅट दोघांना घेऊन काँडन बँकेत शिरला. तिजोरीला वेळेचे कुलूप आहे, ते अजून उघडायचे आहे, अशी थाप तिथल्या कर्मचाऱ्याने मारली. ग्रॅटने ती खरी मानली आणि तो थांबून राहिला. तेवढ्या वेळात समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून गावकऱ्यांच्या हातात बंदुका गेल्या. पुढे झालेल्या गोळीबारात टोळीतले चौघे आणि गावातले चौघे ठार झाले. मृत गावकऱ्यांत मार्शल चार्ल्स कॉनेलीही होते. एकटा एमेट अंगावर वीसहून अधिक जखमा घेऊन वाचला. त्याला जन्मठेप झाली. १९०७ मध्ये तो सुटला, कॅलिफोर्नियात स्थायिक झाला, त्याने टोळीवर पुस्तक लिहिले, आणि १९३७ मध्ये तो वारला. त्यांचा आणखी एक भाऊ बिल कॉफीव्हिलला नव्हता. तो पुढे दुसऱ्या टोळीत गेला आणि १८९४ मध्ये मारला गेला.

हा तपशील इथे इतक्या विस्ताराने देण्याला कारण आहे. खोट्या दाढ्या, हलवलेला कठडा, कुलपाची थाप : विनोदी कथाकाराला हवे ते सगळे इतिहासाने आधीच मांडून ठेवले होते. मात्र इतिहासात त्या फजितीची किंमत आठ प्रेतांनी चुकती झाली. चित्रकथेला फजिती तशीच ठेवायची होती आणि प्रेते काढून टाकायची होती.

निर्मिती : मॉरिस (मूळ नाव मॉरिस द बेव्हेर, १९२३–२००१) यांनी सुरुवातीला अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत काम केले होते. मालेचा नायक लकी लूक १९४६ मध्ये ‘स्पिरू’ या साप्ताहिकाच्या परिवारात जन्मला. पहिली काही वर्षे मॉरिस कथाही स्वतःच लिहीत. १९५१–५२ मध्ये त्यांनी ऐतिहासिक डाल्टन बंधूंवर ‘ऑर-ला-ल्वा’ (कायद्याबाहेरचे) ही कथा केली. तिच्यात बॉब, ग्रॅट, बिल आणि एमेट हे चौघे येतात आणि शेवटी चौघेही मरतात. पात्रे म्हणून ती झकास होती. उंचीचा चढता क्रमही त्यांच्यापासूनच सुरू झाला. पण मेलेली माणसे पुढच्या आठवड्यात परत आणता येत नाहीत.

मॉरिस १९४८ मध्ये अमेरिकेत गेले आणि काही वर्षे तिथे राहिले. न्यूयॉर्कमध्ये त्यांची गाठ गोसिनींशी पडली. ‘अ‍ॅस्टेरिक्स’चे लेखक म्हणून आपल्याकडे ओळखले जाणारे गोसिनी ते हेच, मात्र ‘अ‍ॅस्टेरिक्स’ १९५९ चा, तर लकी लूकच्या कथा ते १९५५ पासूनच लिहू लागले होते. पात्रे परत आणण्याची अडचण गोसिनींनी सरळ मार्गाने सोडवली. १९५७ मध्ये ‘स्पिरू’त आलेल्या ‘ले कुझँ डाल्टन’ (डाल्टनांचे चुलतभाऊ) या कथेत त्यांनी मृत डाल्टनांचे चार चुलतभाऊ उभे केले. हे चौघे आपल्या नामांकित भावंडांइतके दुष्ट होण्याची इच्छा बाळगून आहेत आणि त्यासाठी सराव करतात. गोसिनींची सगळी करामत या एका कल्पनेत आहे. मूळचे डाल्टन दरोडेखोर होते, चुलतभाऊ दरोडेखोर होऊ पाहतात. महत्त्वाकांक्षा आभाळाएवढी आणि अक्कल बेताची असली की खलनायक धोकादायक न राहताही कथेच्या मध्यभागी राहू शकतो.

कायद्याचा दाब : या बदलामागे प्रकाशनव्यवहाराचेही कारण होते. फ्रान्समध्ये १६ जुलै १९४९ रोजी मुलांच्या प्रकाशनांसंबंधी कायदा झाला. लूटमार, चोरी, खोटेपणा, आळस, भ्याडपणा यांचे अनुकूल चित्रण त्याने निषिद्ध ठरवले. ‘स्पिरू’ बेल्जियमचे असले तरी फ्रान्समध्ये खपत असल्याने प्रकाशकांना त्याची धास्ती असे. ‘ऑर-ला-ल्वा’च्या शेवटी बॉब डाल्टनच्या मृत्यूचे मूळ चित्रण पुस्तकात बदलावे लागले. पुढे ‘बिली द किड’ या पुस्तकातून तान्हा बिली पिस्तुलाची नळी चोखतो आहे असे चित्रही गाळले गेले. अशा वातावरणात धांदरट दरोडेखोर ही मोठी सोय ठरली. तो मुखपृष्ठावर येऊ शकतो, पुस्तकाला त्याचे नाव देता येते, सबंध कथाभर तो चोऱ्या करू शकतो, आणि तरीही त्याचे चित्रण अनुकूल आहे असे कोणालाही म्हणता येत नाही. बंधनातून पळवाट काढताना हे पात्र घडले असे म्हटले तर ते अर्धेच खरे. ज्या काटेकोरपणे गोसिनींनी ते वापरले, त्यावरून त्यांना त्यात बंधनापेक्षा कितीतरी अधिक दिसले असावे.

स्वभाव आणि विनोदाची रचना : ज्यो अत्यंत संतापी. लकी लूकचे नुसते नाव कानावर पडले तरी त्याचे डोके फिरते आणि बाकीच्यांना त्याला धरून ठेवावे लागते. टोळीत बुद्धी आहे ती त्याच्याचकडे, पण रागामुळे ती कामी येत नाही. अ‍ॅव्हरेल भोळा आणि कायम भुकेला. पळून जाण्याच्या ऐन क्षणी जेवणाची चौकशी करणारा. त्याच्या मनात कोणाविषयी वैर नाही. विल्यम आणि जॅक मधले दोघे. त्यांना स्वतंत्र स्वभाव जवळजवळ नाही, वाचकांचा त्यांच्यात नेहमी घोटाळा होतो, आणि ते योग्यच आहे. संताप आणि भूक या दोन टोकांच्या मध्ये कोणीतरी शांत उभे राहावे लागते, तरच दोन्ही टोके दिसतात.

डाल्टनांना हरवण्यासाठी लकी लूकला फारसे काही करावे लागत नाही, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो स्वतःच्या सावलीपेक्षा जलद गोळी झाडतो अशी त्याची ख्याती. पण गोळी लागते ती पिस्तुलाला, पट्ट्याला, टोपीला. डाल्टन पकडले जातात ते ज्योच्या रागामुळे किंवा अ‍ॅव्हरेलच्या वेंधळेपणामुळे. पराभवाचे कारण त्यांच्याच आत असल्याने नायकाला क्रूर व्हावे लागत नाही. लहान वाचकालाही हे आधीच ठाऊक असते, आणि ही आगाऊ माहिती हाच त्याच्या हसण्याचा पाया असतो. आपण या मोठ्या माणसांपेक्षा शहाणे आहोत, हे सुख मुलाच्या वाट्याला एरवी फार येत नाही.

चित्रकाराचा वाटाही तेवढाच. तुरुंगाच्या भिंतीत चार वेगवेगळ्या उंचीची चार भोके दिसली की मजकूर वाचण्याआधीच काय झाले ते कळते. एक भोक चौघांना पुरले असते, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. कैद्यांचे आडव्या पट्ट्यांचे कपडे मॉरिस यांनी पिवळ्या-काळ्या रंगात रंगवले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन तुरुंगांत ते सहसा काळे-पांढरे असत. पिवळ्यामुळे गर्दीच्या चौकटीतही हे चौघे लांबून ओळखू येतात.

भोवतालची पात्रे : तुरुंगातला कुत्रा रांतांप्लां हा ‘रिन टिन टिन’ या सिनेमातल्या हुशार कुत्र्याचे विडंबन. ‘स्यूर ला पिस्त दे डाल्टन’ (१९६२ चे पुस्तक) मध्ये तो प्रथम येतो. पहारेकऱ्याचा कुत्रा असून कैद्यांवर त्याचा जीव. १९८७ पासून त्याची स्वतंत्र मालाही निघाली. ‘मा डाल्टन’ (१९७१) मध्ये चौघांची आई येते. ही म्हातारी निकामी पिस्तूल रोखून दुकानांतून किराणा ‘लुटते’ आणि दुकानदार समजून उमजून तो देतात. तिचा लाडका अ‍ॅव्हरेल, आणि ज्योला ते सलते. संपूर्ण मालेतले हे सर्वांत प्रेमळ पुस्तक म्हणता येईल. ‘ला गेरिझाँ दे डाल्टन’ (१९७५) मध्ये एक प्राध्यापक मानसोपचाराने त्यांना सुधारायला येतो आणि शेवटी स्वतःच गुन्हेगारीकडे वळतो.

पडद्यावर : ‘डेझी टाउन’ (१९७१) आणि ‘ला बालाद दे डाल्टन’ (१९७८) हे अ‍ॅनिमेशनपट मूळ कर्त्यांच्या सहभागाने झाले. दुसऱ्याची कथा धाडसी आहे. फाशी गेलेला काका चौघांना संपत्ती ठेवतो, पण ज्यांनी त्याला दोषी ठरवले त्या न्यायाधीश व पंचांना मारण्याच्या अटीवर. आणि काम पुरे झाल्याचा साक्षीदार म्हणून लकी लूकचेच नाव देतो. १९८३ मध्ये हॅना-बार्बेरा या अमेरिकन स्टुडिओच्या सहभागाने २६ भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली. त्याच सुमारास लकी लूकच्या ओठांतली सिगारेट जाऊन गवताची काडी आली. त्याबद्दल मॉरिस यांना १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवले. झिलाम या फ्रेंच स्टुडिओने २०१० मध्ये ‘ले डाल्टन’ ही छोट्या भागांची मालिका आणली. तिच्यात केंद्रस्थानी लकी लूक नाही. वाळवंटातला तुरुंग आणि पळून जाण्याचे रोजचे नवे बेत, एवढ्यावर ती चालते.

इतर वेंधळे लुटारू : अमेरिकन कार्टूनमधला योसेमिटी सॅम हा ज्योचा जवळचा नातेवाईक शोभेल. तोही बुटका, मिशाळ आणि भडक माथ्याचा. फ्रिझ फ्रेलेंग यांच्या ‘हेअर ट्रिगर’ (१९४५) मध्ये तो आगगाडी लुटायला येतो आणि बग्ज बनीकडून तोंडघशी पडतो. अगदी लहान, शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी मात्र याहून मऊ रूप लागते. डिस्ने ज्युनियरवर जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘शेरीफ कॅलीज वाइल्ड वेस्ट’ या मालिकेत शेरीफ एक मांजर आहे, आणि तिचे हत्यार पिस्तूल नसून जादूची दोरी आहे. गाव प्राण्यांचे, चुका वागण्या-बोलण्यातल्या, आणि प्रत्येक गोष्टीअखेर काहीतरी शिकवण. तीन-चार वर्षांच्या मुलाला ज्योचा आरडाओरडा भीतिदायक वाटू शकतो, म्हणून ही काळजी रास्त आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला डाल्टन अधिक आवडतात, याचे एक कारण ते कधीच सुधारत नाहीत हे असावे. ते माफी मागत नाहीत आणि धडाही घेत नाहीत. ‘ले डाल्टन स राशेत’ (१९६५) मध्ये त्यांना चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडण्याचा प्रयोग होतो, तेव्हा कथेचा सगळा ताण ते बिघडणार कधी, यावरच असतो.

मॉरिस यांच्यानंतर : त्यांच्या पश्चात ‘लकी लूक’च्या चित्रांची बाजू आशदे यांनी सांभाळली. ‘ला कोर्द ओ कू’ (२००६) या पुस्तकात चौघांना फासावर लटकवण्याचा हुकूम होतो. लग्न करणाऱ्याला फाशी नाही अशी पळवाट निघते, आणि एका अमेरिकन इंडियन सरदाराच्या मुलींशी चौघांची लग्ने लागतात.