भंगारातली मोटर आणि मोंटानाचे जेकब्स बंधू

मागच्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक डीसी मोटर उचलली. लेबलवर १२ व्होल्ट, ३००० आरपीएम. गावच्या घरावर पवनचक्की लावायची, लोडशेडिंगमध्ये आजीच्या खोलीत एक दिवा तरी लागेल, असा बेत. पाती झकास फिरली. दिवा काही लागेना.

हिशेब साधा होता, मीच केला नव्हता. मोटर बाहेरून फिरवली की तिचा जनरेटर होतो. पण १२ व्होल्ट हवे तर ३००० फेऱ्या तरी हव्यात. माझी पाती मिनिटाला जेमतेम ३००!

अगदी हेच दुखणं १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या मोंटानात मार्सेलस आणि जो जेकब्स या भावांचं होतं. रँचवर वीज नव्हती. पाणी उपसायच्या बहुपात्यांच्या चक्कीला त्यांनी फोर्ड गाडीचा मागचा ॲक्सल जोडला, तरी वेग कमीच. मार्सेलस विमान चालवायला शिकला होता. तिथून तीन पात्यांचा पंखा सुचला. आणि जनरेटर? कमी वेगातच वीज देणारा, चांगला जडशीळ, त्यांनी स्वतःच बनवला. १९३३ मध्ये त्यांची पवनचक्की बर्डच्या मोहिमेबरोबर थेट अंटार्क्टिकाला गेली. पुढे सरकारी तारा खेडोपाडी पोचल्या आणि धंदा बसला, पण तो वेगळा एपिसोड.

तेव्हा लेबलवर व्होल्ट मोठे, आरपीएम लहान असं बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या टेप ड्राइव्हमधल्या मोटरी म्हणूनच हौशी लोक शोधत फिरतात. मी रविवारी पुन्हा बाजारात चाललोय, या वेळी खिशात मल्टिमीटर टाकून.