दिवाणखाना आणि माजघर
पेशवेकालीन वाड्यात दिवाणखान्याचा विस्तार खणांत सांगितला जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. त्याची मर्यादा तुळईच्या लाकडाने घातलेली असे. खण किती घ्यावयाचे, हे मात्र घरधन्याचा सार्वजनिक मान ठरवी. त्यामुळे बैठक प्रशस्त व उजेडाची झाली. स्त्रियांचा दिवस ज्या माजघरात सरे, ते बहुधा काळोखेच राहिले. १९२० च्या दशकात मुंबईत सरकारी विकास विभागाने कामगारांसाठी बीडीडी चाळी उभारल्या. तेथे १६० चौरस फुटांच्या एकाच खोलीत बैठक, चूल आणि अंथरूण एकत्र आले. पाहुणा आत आला की घरातले कोणीतरी दाराबाहेर जाई. घर बांधताना दिवाणखान्याची लांबीरुंदी आखणे म्हणजे पाहुण्यासाठी घरातील कोणाची जागा घ्यावयाची, हे ठरविणे होय.