लॅगचा इतिहास: मुंबईची केबल, बर्कलीची रांग आणि बाबांचा फोन

गेम खेळता खेळता ऐकत असाल तर आधी ती मॅच संपवा, मी थांबतो. आजचा विषय लॅग. सेटिंग्ज शेवटी सांगतोच, पण आधी इतिहास. कारण हा इतिहास माहीत नव्हता म्हणून मी एका माणसाला उगाच बोललो होतो.

२०२१ चा पावसाळा. भाईंदर पूर्वेला, चौथ्या मजल्यावर आमचं घर. दिवसभर वर्क फ्रॉम होम आणि रात्री टीमबरोबर गेम. पिंग एरवी १८. पण रोज रात्री साडेनऊ वाजले की थेट ३००-३५०. मी समोरच्यावर गोळी झाडेपर्यंत तो मला मारून पुढे गेलेला असायचा. शेवटी टीमने माझ्या जागी दुसरा घेतला.

आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याकडचा मुलगा तीनदा येऊन गेला. कनेक्टर बदलला, भर पावसात गच्चीवर चढून वायर तपासली. तिसऱ्यांदा म्हणाला, "दादा, लाइन ओके आहे. रात्री घरात अपलोड कोण करतं ते बघा ना." मी बीटेक, सॉफ्टवेअर इंजिनिअर. हा मला शिकवणार? मी त्याच्या मालकाला फोन केला आणि सांगितलं, याला काही येत नाही, दुसरा पाठवा.

आता इतिहासाकडे वळू. लॅगची मुळं तीन: अंतर, कोड आणि रांग.

पहिलं अंतर. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी तारेची केबल समुद्राच्या तळाशी टाकली. तिथून पुढे सुएझ आणि मग लंडन. बोटीने कित्येक आठवडे घेणारा निरोप त्याच दिवशी पोचू लागला. आज वायरऐवजी काच आहे, पण मार्ग बराचसा तोच. म्हणून तर ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि इकडे आपल्याकडचं इंटरनेट रडतखडत चालू लागलं.

काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन झाले ७,८००, म्हणजे ३९ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापुरात असेल तर जगातला कुठलाही राउटर, कुठलंही 'पिंग बूस्टर' अ‍ॅप याच्या खाली जाऊ शकत नाही. लहानपणी सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक मक्खन चालायचं, कारण सर्व्हर शेजारच्याच पीसीवर असायचा! मग मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर इथे आली. अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबई रीजन सुरू केलं, इतरही आले. सर्व्हर मुंबईत म्हटल्यावर आपण भाईंदरवाले नशीबवान. तीस किलोमीटरचं जाणं-येणं प्रकाशाला एक तृतीयांश मिलिसेकंदही लागत नाही.

दुसरा कोड. जून १९९६ मध्ये 'क्वेक' आला. तो डोळ्यांसमोर लॅन ठेवून बनवलेला. तुम्ही बटण दाबलं की संदेश सर्व्हरकडे जाणार, उत्तर येणार, मग तुमचा खेळाडू हलणार. मोडेमवाल्यांचे हाल झाले. जॉन कार्मॅकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'क्वेकवर्ल्ड' काढला. त्यातली युक्ती अशी की उत्तराची वाट न पाहता तुमचाच कॉम्प्युटर अंदाज बांधून तुम्हाला पुढे चालवतो आणि सर्व्हरचं उत्तर आलं की चूक दुरुस्त करतो. २००१ मध्ये व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी पुढचा भाग लिहून मांडला. तुम्ही गोळी झाडली त्या क्षणी तुमच्या स्क्रीनवर शत्रू कुठे होता, हे सर्व्हर वेळ मागे फिरवून पाहतो. म्हणूनच कधी कधी आपण भिंतीआड पोचलो तरी मरतो. दरवेळी समोरचा चीटर नसतो, कधी तो फक्त भूतकाळात असतो.

तिसरी रांग, आणि माझी चूक इथेच होती.

ऑक्टोबर १९८६, कॅलिफोर्निया. लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे स्टेशनवरच्या एका फलाटाएवढं. त्यांच्यातली ३२ केबीपीएसची लाइन अचानक ४० बिट्सवर आली. आठशे पटींनी कमी! वायर धडधाकट होती, पण रांगा तुंबल्या होत्या. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं आणि १९८८ च्या पेपरात उपाय मांडले. नेट भरलंय असं दिसलं की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. आजचं इंटरनेट त्याच शिस्तीवर उभं आहे.

पण पुढे मेमरी स्वस्त झाली. राउटर बनवणाऱ्यांनी लांबच लांब रांगा मावतील एवढे बफर टाकले. पॅकेट गळेना, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दी कळेना. २०१० मध्ये जिम गेटीस यांना घरून मोठी फाइल अपलोड करताना हेच जाणवलं. त्यांनी याला नाव दिलं बफरब्लोट. भाईंदरच्या तिकीट खिडकीवर तुमच्या पुढच्या माणसाला चाळीस जणांची तिकिटं काढायची आहेत आणि तुम्हाला हवंय एकच. गाडी वेळेवर आहे, पण तुमची चुकली.

हे वाचलं आणि त्या मुलाचं वाक्य आठवलं. रात्री पिंग चालू ठेवून बसलो. नऊ अठ्ठावीसला बाबा आले. ते बांधकाम साइटवर सुपरवायझर, दिवसाला शंभरेक फोटो काढतात. फोन वायफायला लागला, बॅकअप सुरू झाला आणि पिंग ३४०. आमचा डाउनलोड ४०, अपलोड जेमतेम ४. बाबांच्या फोटोंमागे माझी गोळी उभी होती.

यावर जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' दिलं. त्याचंच पुढचं रूप 'एफक्यू-कोडेल'. त्यात प्रत्येकाची वेगळी रांग असते, त्यामुळे एका तिकिटाचा माणूस पटकन सुटतो.

तर आता करायचं काय?

एक, गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडा. दोन, जमेल तिथे लॅनची वायर, नाहीतर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. तीन, अपलोड चालू असताना पिंग बघा. तेव्हाच उडी मारत असेल तर दोष रांगेचा. चार, राउटरमध्ये एसक्यूएम असेल तर चालू करून मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा लावा. नसेल तर खेळताना बॅकअप थांबवा. जास्त एमबीपीएसचा प्लॅन सगळ्यात शेवटी.

मी जुना राउटर काढून ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. बाबांचे फोटो जात असतानाही पिंग आता २५ च्या आत.

मग केबलवाल्याच्या गाळ्यावर गेलो. कळलं की माझ्या फोननंतर त्या मुलाला आमच्या गल्लीतून काढून उत्तनच्या बाजूला टाकलंय. त्याच्या मालकाला सांगितलं, तोच बरोबर होता, चूक माझी. नंबर घेतला, त्यालाही फोन केला. माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सोडा ना दादा. आता पिंग किती येतो?"

मंडळी, पुढच्या वेळी नेट अडकलं तर शिव्या द्यायच्या आधी पाच मिनिटं मोजून बघा. भेटू पुढच्या भागात!