स्ट्रिंग आणि बाइट-मालिका

* लेखकाने या प्रकरणात ‘स्ट्रिंग’ आणि ‘बाइट-मालिका’ या संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. स्ट्रिंग म्हणजे युनिकोड चिन्हांची मालिका. बाइट-मालिका म्हणजे ० ते २५५ या संख्यांची मालिका. एन्कोडिंग, म्हणजे चिन्हे बाइट्समध्ये मांडण्याची पद्धत, ठाऊक असल्याशिवाय तिच्यातून मजकूर वाचता येत नाही. पायथन २ मधली साधी स्ट्रिंग प्रत्यक्षात बाइट्सचीच असे आणि युनिकोडशी तिची सरमिसळ भाषा चालवून घेई. त्यामुळे इंग्रजीवर सुरळीत चालणारा प्रोग्राम देवनागरी मजकूर येताच अडखळे. डिसेंबर २००८ मधल्या पायथन ३ ने हे दोन प्रकार वेगळे केले. आता ते एकमेकांना जोडू पाहिले, तर तिथेच त्रुटी येते.

मराठी वाचकासाठी हा भेद फार मोलाचा आहे. ‘पुणे’ या शब्दात अक्षरे दोन दिसतात, युनिकोड चिन्हे चार असतात (प, उकार, ण, मात्रा) आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये बाइट्स १२ होतात, कारण आपल्या लिपीचे प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट्स घेते. हा शब्द दहाव्या बाइटवर तोडला, तर मात्रेचा तुकडा उरतो आणि पायथन तो मजकूर म्हणून वाचायला नकार देते.

म्हणून नावे, पत्ते, शोध यांसाठी स्ट्रिंग. चित्रे, ध्वनी, झिप फाइली यांसाठी बाइट्स. बाहेरून आलेला मजकूर आत घेतानाच डिकोड करावा, बाहेर पाठवताना एन्कोड करावा आणि दोन्ही वेळा एन्कोडिंगचे नाव स्पष्ट लिहावे. — संपादक