चेहरा दिसतो का?

१८५७ म्हटलं की आपल्याला एनफिल्ड रायफलीची काडतुसं आठवतात. गाईच्या-डुकराच्या चरबीच्या संशयानं हिंदू-मुसलमान शिपाई सारखेच बिथरले, हे मीही शाळेत शिकलो. ही रायफल शिकवायला दमदम, अंबाला, सियालकोट इथं केंद्रं उघडली होती. काडतुसाइतकीच अवघड होती ती नजर. जुन्या बंदुकीचा नेम शंभरेक यार्डांपलीकडे भरवशाचा नसे, तेव्हा अंतराची फिकीर कुणाला? रायफलीची गोळी लांब जाई, पण कमान घेत. अंदाज चुकला की डोक्यावरून तरी जाई, नाहीतर अलीकडेच मातीत पडे. म्हणून इंग्लंडमध्ये हाइथला १८५३ साली निघालेल्या नेमबाजीच्या शाळेत माणसांना मोजलेल्या अंतरांवर उभं करत. शिकणाऱ्यानं निरखायचं : चेहरा ओळखू येतो का, कपड्यांतलं काय काय दिसतं? मला कवीला हे वाचून कसंसंच झालं. चेहरा पुसट झाला, की शिपाई बंदुकीवरची अंतराची पट्टी वर सरकवी.